ऑइलचा दिवा लागत नाही, तेवढं बरं आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वडिलांची १९८४ सालची अ‍ॅम्बेसेडर त्यांच्या माघारी दोन वर्षं दारात उभी होती. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन जाम झालं होतं. घरात सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या वडिलांच्या जुन्या मिस्त्रींनी, मोडीत निघालेल्या दुसऱ्या अ‍ॅम्बेसेडरचं १८०० चं इसुझू इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट बसवून दिलं. त्याच वेळी गाडीला नवा रंगही दिला. जुनं इंजिन परड्यात ताडपत्रीखाली पडून आहे. गाडी आता झकास ओढते, पण डॅशबोर्ड मात्र वेड्यासारखा वागतो. टेंपरेचरचा काटा सात-आठ मिनिटांत लाल पट्ट्यात जातो आणि रात्री हेडलाइट लावले की अजून वर सरकतो, रेडिएटरला उकळी मात्र फुटत नाही. पेट्रोलचा काटा आहे त्याहून जास्त दाखवतो, त्यामुळे कागलच्या अलीकडे एकदा गाडी ढकलावी लागली. स्पीडोमीटरचा काटा ६० वर असला तरी मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. ‘ऑइलचा लाल दिवा मात्र कधीच लागत नाही, तेवढं बरं आहे,’ असंही त्या लिहितात. मामा म्हणतात, ‘मीटरकडं कशाला बघतीस पोरी, इंजिनचा आवाज ऐक.’ धाकट्या भावाचं म्हणणं, सगळा जुना बोर्ड काढून डिजिटल मीटर टाकू. आईला ज्योतिबाला जायचंय, ते याच गाडीतून. ताई विचारतात: इंजिनच खराब मिळालं का? आणि मामांना न दुखवता हे सोडवायचं कसं?

ताई,

तुम्ही मुख्य तक्रार टेंपरेचरच्या काट्याची मांडली आहे, पण मी अडकलो ते ऑइलच्या दिव्याच्या वाक्यावर. ‘कधीच लागत नाही’ म्हणजे नक्की कधी नाही? चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो दोन सेकंदही लागत नसेल तर ते बरं नाही, ताई. तुमच्या पत्रातली सगळ्यात वाईट बातमी तीच आहे.

या दिव्याचं काम उलट्या पद्धतीने चालतं. इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, ऑइल प्रेशरचा एक छोटा स्विच असतो. प्रेशर नसलं की तो आतून ब्लॉकला टेकतो आणि दिवा लागतो, प्रेशर आलं की सुटतो आणि दिवा विझतो. म्हणून बंद इंजिनावर चावी दिली की दिवा लागलाच पाहिजे. तेव्हा लागत नसेल तर बल्ब गेलाय, किंवा वायर सुटलीय, किंवा स्विच चुकीचा आहे. यातलं काहीही असलं तरी उद्या खरोखर ऑइल संपलं तर तो दिवा तसाच गप्प बसेल. जुन्या आणि नव्या इंजिनावर हा स्विच एकाच जागी असेलच असं नाही. जुनी वायर पुरली नाही की तिला टेप गुंडाळून कडेला बांधून ठेवतात, ‘नंतर बघू’ म्हणून. ते नंतर मग येत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. स्विचवरची वायर काढून तिचं टोक ब्लॉकच्या उघड्या, स्वच्छ लोखंडाला लावा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक आहेत, दोष स्विचमध्ये आहे. नाही लागला तर बल्ब किंवा वायर. तिसरीही एक शक्यता लक्षात ठेवा. काही गाड्यांत ऑइलचा दिवा नसून काटा असतो आणि त्यासाठी ब्लॉकवर साध्या स्विचच्या जागी वेगळा सेंडर, म्हणजे काट्याला माप कळवणारा भाग, बसवतात. तो दिव्याच्या वायरीला जोडला तर दिवा धड लागत नाही, धड विझत नाही. हे तपासून होईपर्यंत गाडी गल्लीच्या बाहेर काढू नका. ज्योतिबा थांबेल.

मामांचं आवाज ऐकणं मी हसण्यावारी नेणार नाही. तीस-चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज झोपेतही वेगळे कळतात. पण ऑइलचं प्रेशर गेल्याचा आवाज कानावर येतो तेव्हा बेअरिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. कान घाटात ड्रायव्हिंग करत नाहीत, तुम्ही करता. तेव्हा एकदा मामांनाच सांगून स्विचच्या जागी तात्पुरता मेकॅनिकल प्रेशर गेज लावून बघा. गरम इंजिनावर आयडलिंगला काटा एक बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास किंवा त्याच्या वर राहतोय आणि रेस केल्यावर ठणठणीत वर जातोय, एवढं दिसलं की ‘इंजिनच खराब मिळालं का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. ही माहिती डॅशबोर्डवरचा कुठलाच काटा तुम्हाला देणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. इंजिन बदललं आणि काटा लाल पट्ट्यात गेला, म्हणजे इंजिन तापतंय, असा तुम्ही धागा जोडला आहे. साहजिक आहे. पण तुमच्याच पत्रात एक साक्षीदार बसलाय, त्याला तुम्ही काहीच विचारलं नाही: पेट्रोलचा काटा. टाकी मागे डिकीखाली. तिला कुणी हात लावला नाही, तिच्यातला फ्लोट तोच, वायर तीच. मग इंजिन बदलल्यावर पेट्रोलचा काटा का बिघडावा? दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेला चुकायला लागले की दोघांमध्ये समाईक काय आहे ते शोधायचं.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही काटे गरम होणाऱ्या पट्टीवर चालतात. ओळखायची खूण सोपी आहे. चावी दिल्यावर काटा टुणकन उडी न मारता, दुपारी झोपेतून उठल्यासारखा हळूहळू वर येतो. असल्या काट्यांना बॅटरीचे थेट बारा-चौदा व्होल्ट चालत नाहीत. म्हणून बोर्डाच्या मागे एक डबीएवढा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो वीज चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी दहा व्होल्टच्या आसपास पुरवतो आणि त्याच्यावर दोन्ही काटे जोडलेले असतात. आता गंमत अशी, की या डबीची स्वतःची अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी, सुटली तर ती चालू-बंद करणं सोडते आणि पूर्ण व्होल्टेज आत ढकलते. मग दोन्ही काटे खुशाल जास्त दाखवतात. हेडलाइट लावले की बोर्डातले दिवेही लागतात, त्यांचा करंटही त्याच दुबळ्या अर्थमधून वाट काढतो आणि काटे अजून वर चढतात. तुमची रात्रीची तक्रार हुबेहूब हीच आहे. शिवाय गाडीला नुकताच नवा रंग दिलाय. रंगारी बोल्ट आणि त्याखालची पत्रं सगळं सारखंच रंगवतो आणि रंगातून वीज जात नाही.

यावर माझी स्वतःची एक फजिती सांगतो. एका प्रीमिअर पद्मिनीचं इंजिन उतरवून पुन्हा चढवलं होतं आणि टेंपरेचरचा काटा नाचायला लागला. मी शहाणपणाने सेंडर बदलला. मग दुसरा बदलला. तिसरा आणायला लक्ष्मीपुरीत गेलो तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, ‘अर्थ बघितली का ओ?’ इंजिनची अर्थपट्टी बॉडीला जिथे बसते तो बोल्ट मी स्वतःच काळ्या रंगाने रंगवून चकचकीत केला होता. दोन सेंडरचे पैसे गेले, वर पोराने चहाही माझ्याकडूनच घेतला.

तेव्हा काही विकत घेण्याआधी वायरीचा एक लांब तुकडा घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बोर्डाच्या मागच्या धातूच्या अंगाला लावून धरा. दोन्ही काटे खाली सरकले तर चोर सापडला. तिथली अर्थ उघडून खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवीन लावा, बोल्ट घट्ट करा. नाही सरकले तर स्टॅबिलायझरच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला टेस्ट लँप लावा, तो लुकलुकला पाहिजे. ढिम्म एकसारखा जळत राहिला तर डबी गेली.

इंजिनची अर्थपट्टीही त्याच दिवशी बघून घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. ब्लॉक ते बॉडी ही जाड पट्टी विसरली तर स्टार्टरचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट शोधतो, केबल गरम होते, कधी धूरही निघतो. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक ब्लॉकवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टीत खोट आहे.

हे सगळं नीट होऊनही टेंपरेचरचा काटा एकटाच वर राहिला, तर मग सेंडरकडे वळा. माझा अंदाज आहे की तुमच्या गाडीत दोन्ही दोष मिळून आहेत. पेट्रोलचा काटा थोडा चुकतो, टेंपरेचरचा मात्र पार लाल पट्ट्यात जातो, एवढा फरक एकट्या अर्थने पडायचा नाही. सेंडर म्हणजे ब्लॉकमध्ये आटे घालून बसवलेली पितळी टोपी. तापमान वाढलं की तिचा रोध कमी होतो, काट्यातून जास्त करंट जातो, काटा वर चढतो. पण कुठल्या तापमानाला किती रोध, हे प्रत्येक बनावटीचं वेगळं गणित. काटा आणि सेंडर ही जोडी एकमेकांसाठी जुळवलेली असते. नव्या इंजिनावरचा सेंडर त्याच्या स्वतःच्या डॅशबोर्डाशी बोलायला शिकलाय. तुमच्या १९८४ च्या काट्याला तो भलतंच सांगणार. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, संसार मात्र चुकलाय.

आधी वायरीचा संशय फेडून घ्या. सेंडरवरची वायर काढली की काटा थंडकडे पडला पाहिजे. नाही पडला तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय, नव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास पहिल्यांदा बघा. काटा पडला, तर सेंडरची परीक्षा स्वयंपाकघरात घेता येते. मल्टिमीटर रोधावर लावायचा, एक टोक सेंडरच्या अंगाला, एक टोकाच्या पिनला, आणि पितळी भाग पातेल्यातल्या पाण्यात धरून पाणी तापवायचं. साखरेच्या पाकासाठी वापरतात तसला थर्मामीटर शेजारी ठेवा. पन्नास, सत्तर, नव्वदला आकडे लिहून घ्या. एक बारीक सूचना: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आपल्याकडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, तेव्हा शंभरची वाट बघत बसू नका. आणि पातेलं नंतर चहाला वापरू नका, आईचा ओरडा बसेल.

काट्यावर एवढा संशय घेतल्यावर आता उलटं बोलतो. इंजिन खरोखरच तापत असेल तर? रेडिएटरला उकळी फुटत नाही असं तुम्ही पत्रात एका ओळीत म्हटलंय आणि त्यावर भरवसा ठेवलाय. पण झाकण बंद असताना आत दाब असतो आणि दाबाखाली पाणी शंभरच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. उकळी दिसली नाही हा पुरावा नव्हे. तुमचं इंजिन १८१७ सीसीचं झालंय, रेडिएटर जर १४८९ च्याच वेळचा असेल, त्यात गाडी दोन वर्षं उभी, म्हणजे नळ्यांत गाळ, तर चढावर गाडी खरंच तापू शकते. पाणी भरताना हवा अडकून राहिली असेल तर तेही एक कारण. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडून तरी मागून आणा. थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. चकाकत्या धातूवर हे यंत्र हमखास कमी आकडा सांगतं. थर्मोस्टॅट बहुधा ८२ किंवा ८८ अंशांचा असतो, सपाट रस्त्यावर आकडा त्याच्या आसपास स्थिर राहिला तर इंजिन निर्दोष. शंभरीकडे सरकत राहिला तर तुमचा काटा शहाणा आणि आपण सगळे वेडे. झाकण मात्र गरम असताना उघडू नका, कुणी कितीही फडका गुंडाळून दाखवला तरी.

स्पीडोमीटरचं दुखणं या सगळ्याहून वेगळं आहे आणि तुलनेने निरुपद्रवी. त्याची केबल इंजिनातून निघत नाही, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. तुमचा गिअरबॉक्स बदलला, म्हणजे केबल फिरवणारं दात्यांचं छोटं चाक बदललं, आणि हिशेब चुकला. ट्रकवाले हॉर्न मारतात म्हणजे काटा जास्त दाखवतोय असं मी समजतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर किणीच्या बाजूला सकाळी लवकर जा, शेजारी भावाला मोबाइलवर जीपीएस लावून बसवा, काटा ६० वर धरून तो खरा वेग सांगेल. ५० निघाला तर काटा सव्वापटीला थोडा कमी इतकं फुगवून सांगतोय. चाक बदलून किंवा मध्ये छोटी गिअरडबी टाकून हे दुरुस्त होतं. तोवर काचेवर ५०, ६०, ८० च्या खऱ्या जागी बारीक ठिपके चिकटवलेत तरी चालेल. किलोमीटरचा आकडाही त्याच प्रमाणात फुगतोय, तेव्हा अ‍ॅव्हरेज काढून खूश होऊ नका.

आता भावाचं डिजिटल मीटर. त्याला रागावू नका, त्याचा उद्देश चांगला आहे. फक्त त्याला विचारा, नवीन मीटर माहिती कुठून घेणार? त्याच अर्थवरून, त्याच वायरींवरून. आजचा खोटा काटा उद्या खोटा आकडा होईल, आणि आकड्यावर माणूस जास्त विश्वास ठेवतो. शिवाय त्या संचाबरोबर त्याचेच सेंडर बसवावे लागतात, त्यांचे आटे ब्लॉकला जुळतील असं नाही. भावाला खरंच काही करायचं असेल तर वर सांगितलेली मल्टिमीटरची कामं त्याच्याकडे द्या. पोरं स्क्रीनवर आकडा दिसला की रमतात.

दुसऱ्या गाड्यांच्या वाचकांसाठी इथेच दोन गोष्टी सांगून टाकतो. पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकलंय आणि आरपीएमचा काटा मेलाय, तर तो मरणारच. तो इग्निशन कॉइलचे ठोके मोजत होता, डिझेलला कॉइल नसते. काही अल्टरनेटरना त्यासाठी डब्ल्यू नावाचं टोक असतं, तिथून सिग्नल घेता येतो, मात्र काटा तशा जातीचा हवा. आणि जुन्या जीपवाल्यांनी अ‍ॅम्पिअरच्या काट्याकडे आजच बघावं. गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्या काट्यातून जातो. तीस अ‍ॅम्पिअरच्या काट्यापुढे साठचा अल्टरनेटर जोडला तर बोर्डाच्या मागे आग लागायला वेळ लागत नाही. तो काढून व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग ठीक.

राहिले मामा. तुम्हाला वाटतंय की मीटरची तक्रार केली तर त्यांच्या कामाला नाव ठेवल्यासारखं होईल. पण उद्यमनगरात फिरलात तर दिसेल, इंजिनचा मिस्त्री आणि वायरिंगवाला ही दोन वेगळी माणसं असतात, दोघांची दुकानं वेगळी, बोलीही वेगळी. मामांनी त्यांचं काम चोख केलंय, गाडी ओढतेय हाच त्याचा दाखला. वायरिंगवाला मध्ये आलाच नाही, इतकंच. ‘मामा, तुमचं चुकलं’ असं म्हणायची वेळच नाही. ‘मामा, तुमच्या भरवशाचा वायरिंगवाला कोण, त्याच्याकडे तुम्हीच घेऊन चला,’ असं म्हणा. ते स्वतः स्टिअरिंगवर बसतील बघा. आणि एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: आत्ता इंजिनावर टेंपरेचरचा सेंडर कुठला आहे, इंजिनाबरोबर आलेला की आपला जुना? उत्तर त्यांना माहीत असेल. फक्त आजवर कुणी विचारलं नसेल.

नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवलाय का, तेही त्यांना विचारून घ्या. आरटीओच्या परवानगीशिवाय बदललेलं इंजिन म्हणजे कागदावर वेगळी गाडी आणि रस्त्यावर वेगळी. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच नंबर बघेल. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या कधीच पुढे गेलीय, पुढच्या नूतनीकरणाच्या तपासणीत हे निघणारच. मोडीत निघालेल्या गाडीचे कागद आणि इंजिन घेतल्याची पावती मामांकडे असेल तर आत्ताच मागून ठेवा.

परड्यातलं जुनं इंजिन भंगारवाल्याने मागितलं तरी अजून देऊ नका. त्याच्यावर तुमच्या डॅशबोर्डाशी जुळणारा मूळ सेंडर बहुतेक अजून बसलेला असेल. गंज सोडवणाऱ्या तेलाने आटे भिजवून, बरोबर मापाचा पाना लावून, घाई न करता काढा, आणि पातेल्यातली परीक्षा आधी त्याचीच घ्या. तो पास झाला आणि नव्या ब्लॉकच्या आट्यांशी जुळला नाही, तर उद्यमनगरात कुठलाही टर्नर (लेथवाला) मधलं पितळी बुश काढून देईल. आट्यांवर सफेद टेप मात्र भरमसाट गुंडाळू देऊ नका, या टोपीची अर्थ त्या आट्यांतूनच जाते.